तोटा आणि तफावत

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळापासून गोव्याच्या मोपा विमानतळापर्यंतचे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर ते सुमारे तीनशे किलोमीटर भरते. रस्त्याने जावयाचे तर कोल्हापूर-आंबोलीकडून जा, नाहीतर विजापूर-बेळगावकडून. चारशे किलोमीटरांच्या आसपास मजल होते आणि त्यात अख्खा दिवस जातो. ९ जून २०२५ रोजी या दोन विमानतळांदरम्यान प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि सोलापूर गोव्यापासून 'एका तासाच्या अंतरावर' आले. पूर्वी कोसांनी आणि मैलांनी मोजले जाणारे अंतर आता मिनिटांनी मोजले जाते, ही आधुनिक काळाची रीतच आहे. मात्र किलोमीटर सर्वांसाठी सारखा असतो, तास तसा नसतो. तो ज्याच्या हाती तिकीट आहे त्याचाच असतो. या तासासाठी सार्वजनिक तिजोरीतून पैसा जातो, सार्वजनिक जमीन जाते आणि प्रसंगी सहकारी संस्थेची मालमत्ताही जमीनदोस्त होते. म्हणून हा तास नेमका कसा तयार होतो आणि कोणाच्या पदरात पडतो, याची चौकशी करणे भाग आहे.

या मार्गावर एटीआर जातीचे पंख्याचे विमान धावते. मोठ्या जेट विमानाच्या मानाने ते संथ, परंतु आखूड पल्ल्याला आणि आखूड धावपट्टीला तेच परवडते. आकाशात स्थिरावल्यावर त्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटरांच्या घरात असतो. त्या हिशेबाने तीनशे किलोमीटरांना चाळीस मिनिटेही लागू नयेत. वेळापत्रकात मात्र तासाभराचा अवधी धरलेला असतो. कारण विमान कंपनी वेळ मोजते ती विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या तळावर पुन्हा उभे राहीपर्यंतची. धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणे, उंची गाठणे, नियंत्रकाने आखून दिलेल्या वाटेने वळसा घेणे, उतरण्यासाठी आपल्या पाळीची वाट पाहणे, हे सारे त्या तासात येते. विमान जितके जवळच्या गावाला जाते, तितका या चढउताराचा वाटा वाढतो आणि किलोमीटरमागे इंधनही अधिक जळते. लांबच्या पल्ल्याला शोभणारे वाहन जवळच्या पल्ल्याला जुंपले की असे होणारच.

प्रवाशाचा तास याहूनही लांबतो. उड्डाणापूर्वी तासभर तरी विमानतळावर हजर राहावे लागते. मोपा पेडणे तालुक्यात आहे. तेथून पणजी गाठावयाची तर आणखी पस्तीस किलोमीटरांची मोटार आली. घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा हिशेब मांडला तर तासाचे साडेतीन-चार तास होतात. तरीही रस्त्याच्या प्रवासाच्या मानाने चार-पाच तासांची बचत होते आणि तिला हिणवण्याचे काही कारण नाही. आजारी माणसाला, परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्याला, अंत्यविधीसाठी धावणाऱ्या नातेवाईकाला चार तासांचे मोल काय असते ते कोणाला सांगावयास नको. विमान ही श्रीमंतांची चैन आहे असे म्हणून या प्रश्नावरून हात झटकणे सोपे आहे. समाजवादी विचाराला ते शोभणारे नाही. वेगाचा लाभ सर्वांना मिळावा हीच तर त्या विचाराची मागणी आहे.

प्रश्न आहे तो या वेगाच्या किमतीचा. तिकिटावर छापलेली रक्कम ही त्या किमतीचा फक्त एक भाग असतो.

१५ जून २०२३ रोजी सोलापुरात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी स्फोटके लावून पाडण्यात आली. बगॅस जाळून वीज तयार करणाऱ्या प्रकल्पाची ही चिमणी होती. तिच्या बांधकामाला परवानगी नव्हती असे महापालिकेचे म्हणणे होते. विमानाच्या वाटेत ती अडथळा ठरते असा निष्कर्ष होता. आणि वर्षानुवर्षे हा वाद कार्यालयांतून व न्यायालयांतून फिरत राहिला. एका बाजूला विमानसेवेसाठी उपोषणाला बसलेले शहरातील नागरिक, तर दुसऱ्या बाजूला कारखान्याचे सभासद व कामगार, अशी शहराची सरळ फाळणी झाली. साखर कारखाना म्हणजे निव्वळ गोरगरीब शेतकऱ्यांची संस्था, असा भाबडा समज या पानाच्या वाचकांचा नसेल. त्या कारभाराचे अंतरंग महाराष्ट्राला पुरते ठाऊक आहे. तरीही ती चिमणी उसाच्या पैशातून, म्हणजे हजारो सभासदांच्या घामातून उभी राहिलेली होती. नियमाने ती चुकीच्या जागी उभी राहिली असेल, तर ती उभी राहत असताना नियम सांभाळणारे कोठे होते, हा प्रश्न धुरळ्याबरोबरच विरून गेला.

आणि चिमणी आडवी झाल्यावर विमान केव्हा आले? नूतनीकरण केलेल्या विमानतळाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते, दूरदृश्य प्रणालीद्वारे, २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. वर्षाला सुमारे ४.१ लाख प्रवाशांची ये-जा सांभाळण्याची या तळाची क्षमता असल्याचे तेव्हा सरकारनेच सांगितले. त्यानंतर आठ महिन्यांहून अधिक काळ त्या नव्या इमारतीला नियमित विमानाचे दर्शन घडले नाही. चिमणी पाडण्यापासून पहिल्या नियमित उड्डाणापर्यंत दोन वर्षे सरली, सहा दिवसच काय ते कमी होते! चिमणी पाडण्यासाठी जी निकड दाखविली गेली, ती विमान आणताना कोठे गेली, असे सभासदांनी विचारले तर त्यांना विकासविरोधी ठरविण्याचे कारण नाही.

सोलापूरच्या विमानाची आणखी एक कहाणी आहे आणि ती अधिक कडू आहे. शहराच्या पूर्वेला बोरामणी येथे मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभारावयाचा म्हणून पाचशे हेक्टरांहून अधिक जमीन शेतकऱ्यांकडून घेतली गेली. पुढे वनजमिनीचा प्रश्न आडवा आला, नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा उल्लेख निघू लागला आणि प्रकल्प रखडला. विमान उतरले ते अखेर होटगी रस्त्यावरील जुन्याच तळावर. वास्तविक माळढोक पक्षी काही बोरामणीची मोजणी झाल्यावर नान्नजला राहावयास आला नव्हता. जमीन देणाऱ्या शेतकऱ्याच्या लेखी सोलापूर-गोवा अंतर किती, याचे उत्तर तासांत देता येत नाही. त्याच्या हिशेबात शेत गेले आणि विमान आले नाही, एवढेच आहे.

देशातील लहान विमानतळ जोडण्याची 'उडान' योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. २७ एप्रिल २०१७ रोजी पहिली विमाने निघाली, त्यांत महाराष्ट्रातील नांदेडहून हैदराबादला जाणारेही एक होते. हवाई चप्पल घालणाऱ्याने हवाई जहाजात बसावे, ही घोषणा त्याच योजनेची. पाचशे किलोमीटरांच्या, म्हणजे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये अशी मर्यादा आरंभी ठरविण्यात आली, आणि तीही साधारणपणे विमानातील निम्म्या जागांपुरती; उरलेल्या निम्म्या जागांना बाजाराचा भाव. या योजनेची तपासणी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी केली आणि २०२३ साली अहवाल संसदेपुढे आला. तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग कंपन्यांना देण्यात आले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले त्यांतील केवळ ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पुरी केली, आणि सवलत संपल्यावरही मार्च २०२३ मध्ये तग धरून राहिलेले मार्ग होते अवघे ५४. दिलेल्या शंभर मार्गांमागे सात! एखाद्या जिल्हा परिषदेच्या पाणीयोजनेचा असा निकाल लागला असता, तर तिच्या अभियंत्याची खातेनिहाय चौकशी लागली असती.

योजनेची रचना पाहिली की हा निकाल अनपेक्षित वाटत नाही. कंपनीचा खर्च आणि तिकिटाचे उत्पन्न यांत जे अंतर पडते, ते तीन वर्षे सरकार भरून देते. यासाठी मोठ्या मार्गांवरील विमानांवर अधिभार बसविलेला आहे. मोठ्या शहरांच्या प्रवाशाने लहान शहरांच्या प्रवाशाचा भार उचलावा, ही कल्पना मुळात समतेचीच आहे आणि तिचे स्वागत करावयास हवे. परंतु भार तेवढ्यावर थांबत नाही. राज्य सरकारने या तुटीचा वीस टक्के हिस्सा सोसावयाचा, विमानाच्या इंधनावरील मूल्यवर्धित कर दहा वर्षे एक टक्क्यावर आणावयाचा, लागेल ती किमान जमीन मोफत द्यावयाची, पोलीस आणि अग्निशमनही मोफत पुरवावयाचे, वीज-पाणी सवलतीने द्यावयाचे. सोलापूर-मुंबई विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली, तिच्यासाठी तर राज्याच्या मंत्रिमंडळाने आपल्याच तिजोरीतून तूट भरून देण्याचा निर्णय घेतला. याच मुंबईला सोलापूरहून लोहमार्गाने ४५५ किलोमीटर अंतर आहे. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस वर्षानुवर्षे भरून जाते आणि फेब्रुवारी २०२३ पासून दिवसा वंदे भारत गाडीही साडेसहा तासांत पोहोचविते. म्हणजे ज्या मार्गावर आधीच वेगवान साधन आहे, त्याच मार्गावर त्याहून वेगवान साधनासाठी राज्याने पदरचा पैसा घातला.

कंपनीच्या या तुटीला सरकारी मराठीत एक नाव आहे: 'व्यवहार्यता तफावत निधी'. नाव मोठे सुबक आहे. त्यात कोणाचा दोष सूचित होत नाही. दोन आकड्यांत जरा फरक पडला, तो शासनाने सद्भावनेने भरून काढला, एवढाच त्याचा अर्थ. आता हीच गोष्ट एस.टी.च्या बाबतीत घडते तेव्हा कोणता शब्द वापरला जातो ते पाहावे. खेड्याकडे जाणाऱ्या गाडीचे डिझेल, चालक-वाहकांचे वेतन आणि तिकिटांचे उत्पन्न यांत जे अंतर पडते, त्याला 'तोटा' म्हणतात. तफावतीला निधी मिळतो. तोट्याला चौकशी समिती मिळते, भाडेवाढ मिळते आणि सरतेशेवटी फेरी बंद झाल्याची सूचना मिळते. विमानाच्या इंधनावर एक टक्का कर घेणाऱ्या राज्यात एस.टी.च्या डिझेलवरील कर वीस टक्क्यांच्या खाली आलेला नाही. शिवाय तिकिटाच्या उत्पन्नावर १७.५ टक्के प्रवासी कर तिने वर्षानुवर्षे भरला आहे. ज्येष्ठांना, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना, निम्मे तिकीट ही सवलत राज्याने दिली, हे मान्य करावयास हवे आणि तिचा गावोगाव झालेला उपयोगही नाकारता येत नाही. पण गाडीच वेळेवर आली नाही तर निम्म्या तिकिटाने जावयाचे कोठे? २०२१-२२ मध्ये एस.टी.चे कर्मचारी कित्येक महिने संपावर होते, तेव्हा खेड्यातील मुलींचे शाळा-महाविद्यालय कसे तुटले ते महाराष्ट्राने पाहिले आहे. त्या मुलींचे अंतर दहा-वीस किलोमीटरांचे होते. जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.ची १४.९५ टक्के भाडेवाढ झाली. त्या वेळी 'व्यवहार्यता' हा शब्द कोणाला आठवला नाही.

सोलापुरातच हा विरोध डोळ्यांनी पाहता येतो. होटगी रस्त्यावरील विमानतळ आणि अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी ही दोन्ही शहराच्या एकाच अंगाला आहेत. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली; २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे कामगारांना मिळाली. त्याच परिसरात पुढे नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आकारास आली आणि तिच्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी कामगारांच्या हवाली केली. दोन्ही वेळा किल्ल्या देण्यास पंतप्रधान आले. पण घर मिळविले ते कामगारांच्या दीर्घ लढ्याने, हे विसरता येणार नाही.

शहरातल्या कोंदट चाळीतून सुटका झाली, स्वतःचे छप्पर झाले. त्याचबरोबर कामाचे ठिकाण दहा-बारा किलोमीटर लांब गेले. विडी कामगार स्त्रीचा दिवस ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मोजून घ्यावयाचा. घरी आणून पाने भिजवावयाची, कापावयाची, विड्या वळून जुड्या बांधावयाच्या. आणि तो माल पुन्हा शाखेत नेऊन मोजून द्यावयाचा. तपासनीस खराब म्हणून ज्या बाजूला काढील त्या विड्यांची मजुरी नाही. सारी मजुरी हजारावर ठरते, तासावर ठरत नाही. म्हणून जाण्यायेण्यात, थांब्यावर उभे राहण्यात, खच्चून भरलेल्या रिक्षात जागा मिळण्याची वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक तास हा तिच्या हजारातून वजा होतो. मंत्रालयात ज्याला 'प्रवासाचा वेळ' म्हणतात, त्याला तिच्या घरी मजुरीतील घट म्हणतात. जिथे चाळीस हजार घरे योजिली गेली, तिथे बसगाड्यांचे आगार घरांच्या आधी यावयास हवे होते. सोलापूर महापालिकेच्या परिवहन खात्याची अवस्था मात्र अशी की केंद्राच्या योजनेतून आलेल्या बसगाड्यांच्या चासी तडकल्या आणि त्या गाड्या रस्त्याऐवजी आगारात व वादांत अडकून पडल्या. त्या चिमणीच्या प्रश्नावर जी तातडी दिसली, तिचा शतांश या तडकलेल्या चासींच्या वाट्याला आला नाही.

वेग कोणाला द्यावयाचा, हा निर्णय राजकीय असतो, तांत्रिक नसतो. महाराष्ट्रातल्या समाजवाद्यांना याचे उदाहरण बाहेर शोधावे लागत नाही. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा राजधानीसारख्या वातानुकूलित गाड्या धावतच होत्या. त्यांनी लक्ष घातले ते दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर. त्या फळ्यांवर दोन इंचांची गादी आली. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, ती एकाच वर्गाची. लांबच्या पल्ल्याचा वेग दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला देता येतो, हे त्या गाडीने दाखवून दिले. पुढे कोकण रेल्वेचे महामंडळ १९९० साली स्थापन झाले, तेव्हा दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. कोकण रेल्वे 'व्यवहार्य' नाही, असे दाखले तेव्हाही दिले जात होते. गणपतीला गावी जाणाऱ्या गिरणी कामगाराचे रात्रभराचे हाल व्यवहार्यतेच्या तक्त्यात कोठे मांडावयाचे, हे त्या तक्त्यात लिहिलेले नव्हते, म्हणून तो तक्ता बाजूला ठेवावा लागला.

गोव्याच्याच दिशेने आता आणखी एक वेग येऊ घातला आहे. पवनार ते पत्रादेवी हा ८०२ किलोमीटरांचा शक्तिपीठ महामार्ग नागपूर-गोवा प्रवास अठरा तासांवरून आठ तासांवर आणील, असा शासनाचा दावा आहे. दहा तास वाचणार आहेत. ते कोणाचे वाचणार आणि त्यासाठी कोणाची बागायत जाणार, हे कोल्हापूर-सांगली-सोलापूरच्या शेतकऱ्यांनी मोर्चे काढून विचारले आहे. याच मुलखात सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा चौऱ्याऐंशी किलोमीटरांचा लोहमार्ग आहे. नवरात्रात लाखो माणसे तुळजापूरची वाट पायी चालतात; त्या मार्गाच्या मंजुरीची घोषणा जानेवारी २०१९ मध्ये सोलापूरच्या जाहीर सभेत झाली आणि २०२५ सालच्या नवरात्रातही त्यावरून गाडी धावली नव्हती. सोलापूर-तुळजापूर अंतर पंचेचाळीस किलोमीटर आहे. त्यासाठी एटीआर विमान लागत नाही.

सोलापूर-गोवा विमान बंद करा, अशी मागणी कोणी करणार नाही आणि करूही नये. मागणी साध्या हिशेबाची आहे. प्रत्येक अनुदानित हवाई मार्गावर दर प्रवाशामागे सरकारने किती रक्कम भरली, हे दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावे. विमानाच्या इंधनाला जी करसवलत मिळते ती सार्वजनिक बसगाड्यांच्या डिझेललाही मिळावी. बोरामणीची जमीन विमानतळासाठी लागणार नसेल, तर ती मूळ शेतकऱ्यांना परत देण्याचा निर्णय मुदत घालून घ्यावा. आणि सोलापूर-मुंबई विमानाची तूट भरून देण्याची मुदत संपत आल्यावर मुदतवाढीची टिपणी मंत्रिमंडळापुढे येईल, तेव्हा एस.टी.च्या सोलापूर विभागात बंद झालेल्या फेऱ्यांची आणि कुंभारीला न मिळालेल्या गाड्यांची यादी तिला जोडून ठेवावी. त्या यादीच्या मथळ्यात 'तोटा' हा शब्द खोडून तिथे 'तफावत' असे लिहावे, म्हणजे वित्त विभागाला दोन्ही कागद एकाच लेखाशीर्षाखाली मंजूर करता येतील.